मरियम फिरोज : दोन पुस्तके आणि एक पत्र

इराणच्या आधुनिक इतिहासावरील लेखनात मरियम फिरोज यांचा उल्लेख बहुधा ‘लाल राजकन्या’ किंवा नुरुद्दीन कियानुरी यांची पत्नी एवढाच येतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. काजार घराण्यातील बडे सरदार अब्दुल हुसेन मिर्झा फर्मानफर्मा हे त्यांचे वडील आणि पुढे पंतप्रधान झालेले मोहम्मद मोसादेक हे आतेभाऊ. वडिलांनी कोवळ्या वयात लावून दिलेले लग्न त्यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर मोडले. थोरले सावत्र बंधू नुसरत-उद्-दौला रझा शाहच्या कैदेत मारले गेले होते, त्यामुळे पहलवी राजवटीविषयी त्यांच्या मनात बसलेली अढी केवळ वैचारिक नव्हती.

१९४१ मध्ये स्थापन झालेल्या तुदेह या डाव्या पक्षाच्या महिला संघटनेच्या त्या एक संस्थापक होत्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी या संघटनेने लावून धरली. इराणी स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९६३ मध्ये, शाहच्या हुकमाने, आणि तेव्हा फिरोज देशाबाहेर होत्या. दरम्यान त्यांनी वास्तुविशारद आणि तुदेहचे नेते असलेल्या कियानुरींशी विवाह केला होता. घटनावाद्यांनी १९०९ मध्ये फाशी दिलेले धर्मगुरू शेख फजलुल्लाह नुरी हे कियानुरींचे आजोबा. फिरोज पक्षात वर चढल्या त्या पतीमुळे, हा पक्षांतर्गत विरोधकांचा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण संघटनेचे त्यांचे काम स्वतंत्रपणे उभे राहिलेले होते.

१९४९ मध्ये शाहवर झालेल्या हल्ल्यानंतर पक्षावर बंदी आली आणि फिरोज भूमिगत झाल्या. त्या काळात ज्यांनी जिवावर उदार होऊन त्यांना घरात लपवले, त्यांची व्यक्तिचित्रे त्यांनी ‘चेहरेहा-ये दरख्शान’ म्हणजे ‘तेजस्वी चेहरे’ या पुस्तकात रेखाटली. राजवाड्यात वाढलेली ही स्त्री तिथे स्वतःविषयी कमी आणि आसरा देणाऱ्यांविषयी अधिक बोलते, म्हणूनच हे छोटे पुस्तक त्यांच्या पुढच्या आत्मकथनापेक्षा विश्वासार्ह वाटते. त्यानंतरची पूर्व जर्मनीतील विजनवासाची वर्षे आणि १९७९ च्या क्रांतीनंतरचे पुनरागमन सर्वपरिचित आहे.

पक्षाने खोमेनींना पाठिंबा दिला, तरीही फेब्रुवारी १९८३ मध्ये दोघांना अटक झाली आणि काही महिन्यांतच कियानुरी दूरचित्रवाणीवर हेरगिरीची कबुली देताना दिसले. ती कबुली कशी मिळवली गेली, हे फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांनी सर्वोच्च नेते अली खामेनी यांना लिहिलेल्या पत्रात नोंदलेले आहे. एक हात खांद्यावरून आणि दुसरा खालून पाठीमागे ओढून मनगटे एकत्र जखडण्याची, इराणी तुरुंगांत ‘कपानी’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून वर्णिली आहे. पुढे पत्र पत्नीकडे वळते : सत्तरीच्या या वृद्धेच्या तळपायांवर इतके फटके मारले गेले की त्याच्या वेदना सात वर्षांनंतरही ओसरल्या नव्हत्या, आणि चेहऱ्यावरच्या मारामुळे तिच्या एका कानाच्या श्रवणशक्तीला इजा झाली. फिरोज यांच्या मुलीलाही या छळातून वगळले गेले नाही. हे पत्र अंधारात भिरकावलेली तक्रार नव्हती. त्याच सुमारास एविन तुरुंगात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनाही कियानुरींनी आपल्या हाताची अवस्था दाखवली होती.

फिरोज यांच्या आठवणींचे पुस्तक नंतर तेहरानमध्येच निघाले, तेही त्या नजरकैदेत असताना आणि मुलाखतीच्या रूपात. प्रश्न विचारणारा आणि पहारा ठेवणारा यांच्यात अंतर नसेल, तर मिळणाऱ्या उत्तरांना मुक्त आत्मकथन म्हणता येत नाही, आणि तरीही अनेक अभ्यासक त्यातील वाक्ये निःशंकपणे उद्धृत करतात, ही खेदाची गोष्ट आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये कियानुरी वारले आणि मार्च २००८ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, फिरोज यांचे तेहरानमध्ये निधन झाले. त्यांच्या आठवणी ज्यांना वाचायच्या असतील, त्यांनी १९९० चे पत्र आधी वाचावे.