शिक्का खरा, माल खोटा

भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखादे निवृत्त पोलादकर्मी आजोबा निवृत्तिवेतनाचा हिशेब संगणकावर ठेवतात. रात्री तो कोणालाही न विचारता आपले ‘अपडेट’, म्हणजे सुधारित आज्ञावली, उतरवून घेतो. सोय मोठीच! परंतु २०१८ साली आसुस कंपनीच्या संगणकांत याच वाटेने घातक आज्ञावली शिरली. तिच्यावर कंपनीचाच अस्सल अंकीय शिक्का होता. मग संशय घ्यावा कोणी? चोरांचे लक्ष्य जेमतेम सहाशे यंत्रे. ती उतरली मात्र हजारोंवर.

मग अपडेट बंदच ठेवावे काय? छे! मार्च २०१७ मध्ये निघालेले विंडोजचे अपडेट ज्यांनी घेतले नव्हते, अशा असंख्य संगणकांतील कागदपत्रे मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने कुलूपबंद केली. आजोबांनी हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क कपाटात ठेवावी.