राखेतले बियाणे आणि चार अक्षरे

आषाढात फुलंब्रीच्या घरी उतरंड उतरवली, तेव्हा दोन वस्तू हाती लागल्या. गाडग्यात राखेत घोळलेल्या दोडक्याच्या बिया, आणि मागच्या फळीवर १९९८ सालची एक फ्लॉपी. बिया परसात टोकल्या. आठवड्यात अंकुर वर आले. फ्लॉपीत थोरल्या काकांनी घराण्याची वंशावळ उतरवून ठेवली होती. खटपट करून ती वाचायचे यंत्र मिळवले, तर आतल्या चकतीवर बुरशी! काका आता नाहीत.

आई म्हणाली, "आरं, तुझ्या चकतीपरीस माझी राख बरी!"

वाचकहो, म्हातारीच्या बोलण्यात शास्त्र होते. दोडक्याचा वेल कसा वाढावा, हा सारा मजकूर बीमध्ये डीएनएच्या धाग्यावर चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो: ए, सी, जी आणि टी. संगणक सगळे काही शून्य आणि एक यांत मोडतो. ००ला ए, ०१ला सी, १०ला जी, ११ला टी असे ठरवले की कोणताही मजकूर धाग्यावर उतरतो. मी मांडून पाहिले. 'फुलंब्री' हे नाव संगणकाच्या रूढ पद्धतीत १९२ शून्य-एकांचे, म्हणजे डीएनएची ९६ अक्षरे. एवढा धागा प्रयोगशाळेत सहज तयार होतो.

२०१२ साली अमेरिकेत जॉर्ज चर्च यांनी एक अख्खे पुस्तक असे लिहून दाखवले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात निक गोल्डमन यांच्या मंडळींनी शेक्सपिअरची १५४ सुनीते धाग्यावर उतरवून परत वाचली. २०१७ साली एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट, म्हणजे साडेएकवीस कोटी गिगाबाइट, मावतील अशी रीत निघाली.

आणि टिकाऊपणा? ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतले वीस लाख वर्षांपूर्वीचे डीएनए तुकड्यातुकड्यांनी का होईना, वाचता आले. ते २०२२ साली जाहीर झाले. आज आपली माहिती सांभाळणारी यंत्रे रात्रंदिवस वीज खातात, आणि ती थंड ठेवायला आणखी वीज लागते. कोरडा धागा थंड, अंधाऱ्या जागी ठेवला की वीज जवळजवळ लागतच नाही.

मात्र लिहिणे अजून फार महाग आणि संथ आहे. म्हणून रोजच्या हिशेबाला हे साधन नव्हे. क्वचित उघडायच्या, पण कधीच गमवायच्या नाहीत अशा दप्तरांसाठी आहे.

आमच्या गावावरून जाणारा रस्ता अजिंठ्याकडे जातो. तिथल्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. दगड टिकला, पण लिपी विसरली गेली. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, तेव्हा असे लेख पुन्हा बोलू लागले. डीएनए वाचण्याची गरज वैद्यकाला सदैव राहणार, म्हणून त्याचा वाचक सहसा हरवणार नाही. तरी कोणत्या अक्षराला कोणता आकडा, ही किल्ली मागे ठेवावीच लागेल.

परवा आईने वेलावरचा एक दोडका बियाण्यासाठी राखला. मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो. आठवेल तसे एकेक नाव ती सांगते आहे, मी लिहून घेतो आहे. धागा विणला जाईल तेव्हा जावो. त्यात घालायला नावे तर हवीत!