गल्ल्यापासून फळ्यापर्यंत

दुकानात ऐन गर्दीची वेळ. गल्ल्यावर आजोबा आणि शेजारच्या स्टुलावर दुसरीत शिकणारा नातू. गिऱ्हाइकाने सदतीस रुपयांच्या मालासाठी पन्नासची नोट पुढे करताच नातू म्हणतो, "तेरा परत." हिशेब चोख असतो. त्याच संध्याकाळी त्याच्या वहीत ५० वजा ३७ हे उदाहरण असते आणि खाली उत्तर लिहिलेले असते २७. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातूनच शून्य वजा केलेले असते.

व्यापारी कुटुंबांना हे दृश्य अनोळखी नाही. 'व्यवहारात पक्का, अभ्यासात कच्चा' असा निवाडा मग घरात सहज होऊन जातो आणि 'शेवटी दुकानच तर सांभाळायचे आहे' अशी समजूतही काढली जाते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा निवाडा फार घाईचा ठरतो. कारण येथे उणीव बुद्धीची नसते. दुकानातला हिशेब आणि फळ्यावरचे गणित यांच्यामध्ये पूल बांधला गेलेला नसतो, एवढेच.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच आकडेमोड कागदावर मांडून दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास घसरले. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आली, तिचाही निष्कर्ष याच दिशेचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट याच्या उलट होती. त्यांना वहीतली उदाहरणे अधिक जमत, पण बाजारातला हिशेब समोर आला की ती अडखळत. म्हणजे केवळ गल्ल्याजवळ बसून फळ्यावरचे गणित येत नाही आणि केवळ फळा गिरवून व्यवहारही येत नाही. दोन्हींना जोडण्याचे काम कोणीतरी हेतुपूर्वक करावे लागते. पहिली-दुसरीच्या वर्गात ते हातांनी करायच्या कृतींतून उत्तम साधते.

जुड्या आणि सुटे

मराठी मुलापुढे एक अडचण भाषेचीही असते. 'त्रेचाळीस' म्हणताना कानावर आधी तीन येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार, मग तीन. त्यामुळे ४३ च्या जागी ३४ लिहिले जाते. 'एकोणतीस'मध्ये तर तिसाचा उल्लेख आहे, पण लिहिताना तीन कुठेच येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ वाचनाच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. पद्धत कोणतीही स्वीकारली, तरी मुलाच्या हातात संख्या प्रत्यक्ष आली पाहिजे, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

त्यासाठी लागतात आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. चार-चार मुलांचा गट करून प्रत्येक गटाला शंभर-सव्वाशे काड्या द्याव्यात. दहा काड्या झाल्या की जुडी बांधायची, हा नियम. 'त्रेचाळीस' म्हटले की मुले चार जुड्या डावीकडे आणि तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवतात. खाली ४० चे कार्ड ठेवून त्यातील शून्यावर ३ चे कार्ड ठेवले की ४३ ही संख्या डोळ्यांसमोर तयार होते. 'एकोणतीस' काढताना तीन जुड्या घ्याव्यात आणि एक काडी कमी करण्यास सांगावे. जुडी सोडल्याशिवाय काडी निघत नाही. सोडली की दोन जुड्या व नऊ सुट्या उरतात. शब्द आणि अंक यांची गाठ तेथे पडते.

पन्नासातून सदतीस वजा करण्याचे कोडेही येथेच सुटते. पाच जुड्या आहेत, सुटी काडी एकही नाही आणि सात द्यायच्या आहेत. मूल स्वतःच एक जुडी सोडते. फळ्यावर शिक्षक पाचावर काट मारून चार लिहितात, त्याचा अर्थ मग पाठ करावा लागत नाही.

वर्गातले दुकान

रिकामी खोकी, बिस्किटांची वेष्टने, चहाच्या पुड्यांची पाकिटे जमवून वर्गाच्या कोपऱ्यात दुकान मांडता येते. कागदी नोटा प्रारंभी फक्त शंभर, दहा आणि एक रुपयाच्या असाव्यात. पाच, वीस व पन्नास नंतर आणाव्यात. दहाच्या नोटेत मुलाला काड्यांची जुडी ओळखू येते.

या खेळाचा प्राण पावतीत आहे. दुकानदार झालेले मूल पैसे परत देताना पुढे मोजत जाते: सदतीसनंतर अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, म्हणजे तीन; आणखी दहा, म्हणजे पन्नास; एकूण तेरा. जुने दुकानदारही असेच मोजतात. एवढ्यावर थांबले, तर मजा होते आणि गणित तेथेच राहते. म्हणून प्रत्येक सौद्यानंतर ५० − ३७ = १३ अशी पावती लिहायची. दुसऱ्या दिवशी खेळ उलटा करावा. शिक्षकांनी फळ्यावर ६० − ४२ एवढेच लिहावे आणि त्यावर दुकानातली गोष्ट मुलांनी रचावी. ज्या मुलाला अशी गोष्ट रचता येते, त्याने पूल दोन्ही बाजूंनी ओलांडलेला असतो.

तराजू आणि वीत

कपडे टांगायच्या हँगरला दोन बाजूंना दोन कागदी पेले बांधले की तराजू तयार होतो. एका पेल्यात आधी ३ आणि मग ४ सारख्या गोट्या टाकाव्यात, दुसऱ्यात ५ आणि २. दांडी समतोल राहते. 'बरोबर'च्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा नसून 'दोन्ही पारडी सारखी' असा आहे, हे मूल डोळ्यांनी पाहते. पुढे बीजगणितात हीच समज कामी येते.

लांबीसाठी स्वतःची वीत पुरेशी आहे. मुलाच्या विती आणि शिक्षकांच्या विती यांनी तेच टेबल मोजले, तर आकडे वेगळे येतात. 'मग कापड कोणाच्या वितीने विकायचे?' असा प्रश्न वर्गात टाकला की मीटरची पट्टी का लागते, हे मुलेच सांगतात.

महागड्या साधनांची गरज नाही

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडला नेले. माँटेसोरी पद्धतीची किमती साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून परिसरातल्या वस्तूंनाच त्यांनी साधने केले. आजच्या शिक्षकांनाही हीच वाट मोकळी आहे. काळजी एवढीच, की गोट्या, चिंचोके असल्या बारीक वस्तू धाकट्या भावंडांच्या नाकातोंडात जाऊ नयेत.

वस्तू कायमची कुबडी होऊ नये, हेही पाहावे लागते. आधी हाताने जुड्या, मग वहीत जुड्यांचे चित्र, शेवटी केवळ अंक, असा हा क्रम आहे. कोणाला एका पायरीवर दोन दिवस लागतील, कोणाला दोन आठवडे. चुकले की एक पायरी मागे जावे. रागावून काही साधत नाही.

घरची बाजू

व्यापारी घरातल्या मुलाला या कामी मोठा वारसा लाभलेला आहे. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या 'गणितसारसंग्रह' ग्रंथात व्याज, भागीदारी आणि सोन्याचा कस यांची उदाहरणे आहेत. गणित आणि व्यवहार त्यांनी वेगळे मानले नव्हते.

घरच्यांनी मुलाला दुकानाच्या कामाला जुंपू नये. रविवारचा अर्धा तास पुरे. 'किती झाले?' एवढेच विचारण्याऐवजी 'कसे काढलेस?' असे विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. ते शाळेतल्या रीतीपेक्षा निराळे असले, तरी चुकीचे ठरवू नये. मग गल्ल्याजवळच्या कोऱ्या कागदावर तोच हिशेब त्याला मांडू द्यावा.

"तेरा परत" म्हणणाऱ्या नातवाला आजोबांनी त्याच वेळी पेन्सिल पुढे केली आणि "हे लिहून दाखव बरं" एवढे म्हटले, तर संध्याकाळच्या वहीतले २७ कदाचित येणारच नाहीत. आले, तरी चूक कोठे झाली ते शोधायला त्याच्याजवळ पाच जुड्या असतील.