जुनी मोटार रोज चालवायची म्हणजे

मोटारींचे शौकीन एकत्र जमले की त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो. जुन्या काळची नावाजलेली स्पोर्ट्स मोटार रोजच्या कामासाठी वापरता येईल का, की ती झाकून ठेवून फक्त रविवारी बाहेर काढायची? प्रश्न श्रीमंतांचा वाटतो. नांदेड-लातूरकडच्या माणसाला त्याचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडेही कुणा वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या वाड्यात, पत्र्याच्या शेडखाली, एखादी फियाट वर्षानुवर्षे उभी असते. तिच्या टपावर कोंबड्या बसतात. म्हातारे गेले, मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली, आणि गाडी तेवढी राहिली. ती चालू करून रोज वापरावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न मला आजवर तिघांचौघांनी तरी विचारला आहे. मी मराठीचा प्राध्यापक, यंत्रशास्त्राचा नव्हे. पण मामांकडून आलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन मी नांदेडहून लोह्याकडे रोज जा-ये करतो, तेव्हा चार गोष्टी अनुभवाच्या सांगता येतील.

प्रथम स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय ते पाहू. ती शर्यतीची मोटार नव्हे. शर्यतीची मोटार मैदानात धावते, ही रस्त्यावर. दोन माणसांपुरती, वजनाला हलकी, जमिनीला बिलगून चालणारी. इंग्लंडात १९४५ ते १९४९ ह्या काळात एम.जी. कंपनीने टी.सी. नावाची अशी मोटार बनवली, आणि पुष्कळ देशांत ह्या जातीच्या मोटारीचे वेड पसरले. तिचा वेग आजच्या साध्या मोटारीपेक्षाही कमी. मग माणसे तिच्यावर लुब्ध का झाली? कारण चाकाखालचा खडा हाताला कळतो, इंजिनाचा श्वास कानाला कळतो, आणि गाडी जे काही करते ते चालवणाऱ्याने केलेले असते, मधे दुसरा कोणी नसतो.

अशी बुटकी मोटार आपल्या भागात आणली तर पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासेल. पण तिच्या नात्यातली मोटार आपल्याकडे होऊन गेली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड पुष्कळांना आठवत असेल, जिचे बॉनेट सगळेच्या सगळे पुढे उघडत असे. त्याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून इंग्लंडात १९६२ साली ट्रायंफ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार निघाली. आणि फियाट? सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि हीच गाडी सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सी.सी., चार सिलिंडर. वजन नऊशे किलोच्या आसपास. दिसायला घरगुती, चार दारांची. पण चालवताना जे सुख आणि जो ताप स्पोर्ट्स मोटारवाले सांगतात, तो जवळपास सगळा हिच्यात सापडतो.

सकाळपासूनच सुरुवात करू. नवी मोटार बटण दाबले की चालू. हिचे तसे नाही. हिला कार्ब्युरेटर आहे. पूर्वी घरोघरी फ्लिटचा पंप असे, तो आठवा. दट्ट्या रेटला की नळीच्या तोंडावरून हवा जोराने जाते आणि डब्यातले औषध वर ओढले जाऊन त्याचा फवारा उडतो. कार्ब्युरेटर हेच करतो. फक्त हवा इंजिन आत ओढते आणि औषधाच्या जागी पेट्रोल असते. थंड इंजिनात हे पेट्रोल नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. त्यासाठी चोक ओढायचा. डिसेंबरात पूर्ण ओढायचा, एप्रिलात हातही लावायचा नाही, आणि पावसाळ्यात किती ओढायचा ते त्या दिवसाच्या हवेवर. इंजिन गरम होऊ लागले की चोक हळूहळू आत ढकलायचा. विसरलात तर धूर काळा येतो आणि प्लग काजळतात. हे पुस्तकात वाचून येत नाही, महिनाभर केले की हातात बसते.

गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच घालावा, नाहीतर आतून खर्रर्र आवाज येतो आणि शेजारी बसलेला आपल्याकडे बघतो. स्टिअरिंगला मदतीचे यंत्र नाही. गाडी उभी असताना ते फिरवणे म्हणजे विहिरीचा रहाट ओढणे. पण तीस-चाळीसच्या वेगाने निघाली की तेच चाक हलके होते आणि बोलू लागते. डांबर संपून खडी लागली, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, हे डोळ्यांआधी तळव्याला समजते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता बालाघाटाच्या चढउतारांतून जातो. हा आता राष्ट्रीय महामार्ग ३६१. रस्ता रुंद झाला तशी वाहनांची गती वाढली, माझ्या गाडीची वाढली नाही. साठ ते सत्तर हा तिचा सुखाचा वेग. त्यापुढे ती जाते, पण तक्रार करीत जाते. मागून मालट्रक दिवे लुकलुकवतो तेव्हा डावीकडे सरकून त्याला वाट देणे एवढेच आपल्या हाती. आणि उतारावर खरी परीक्षा ब्रेकची. हिच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे फिरत्या डब्याच्या आत दोन नाला दाबून गती रोखायची. सारखा ब्रेक दाबून ठेवला की डबा तापतो, घर्षण कमी होते, आणि पाय दाबत असूनही गाडी थांबेनाशी होते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर घालावा आणि इंजिनाकडूनच गाडी आवरून घ्यावी. भरल्या गाडीला उतारावर बैल कसे मागे रेटून धरतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढे थोडा वेळ हलका ब्रेक दाबत जावे, म्हणजे आतला ओलावा उडून जातो.

आता उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. गाडी दहा मिनिटे उभी केली, पुन्हा चालू करायला गेलो, तर इंजिन फिरते पण पेटत नाही. गाडी बिघडली असे समजून लोक मिस्त्रीला बोलावतात. बहुधा झालेले असते ते एवढेच, की पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तापला आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे, दहा-पंधरा मिनिटे झाडाखाली बसावे, गाडी आपोआप मार्गी लागते. माझ्या गाडीत फडके आणि पाण्याची बाटली चैत्रापासून मृगापर्यंत कायम असते. वातानुकूलन नाही, पण पुढच्या दारांना त्रिकोणी काच आहे. ती तिरपी उघडली की वारा नेमका छातीवर येतो. नव्या गाड्यांतून ही काच का काढून टाकली हे मला अजून पटलेले नाही.

रेडिएटरच्या पाण्याचीही गोष्ट आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात गाडीलाही मिळते ते बोअरचे पाणी, आणि ते जड असते. क्षारांचा थर घरच्या भांड्यात बसतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, नळ्या बुजतात आणि इंजिन उकळते. बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी आणि कूलंट मिसळून भरले तर हा त्रास टळतो. खर्च थोडा, पण इंजिन वाचते.

पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही. पूर्वी त्यात शिसे मिसळत, ते २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झाले. हवेच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकांना जपत असे, म्हणून जुने इंजिन उघडावे लागले की त्या बैठका कठीण धातूच्या आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले पुष्कळसे उसापासून होते, तेव्हा आपल्या भागातल्या ऊसवाल्यांना त्याचा आनंदच. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी केलेला नव्हता. तो फुगतो, मऊ पडतो, गळतो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीला आतून गंज धरतो. नळ्या नव्या प्रकारच्या बसवून घ्याव्यात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

इथेच मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जुनी मोटार चालवल्याने जेवढी झिजते, त्याहून जास्त ती उभी राहून मरते. उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकटा धरतो, ब्रेकच्या सिलिंडरला गंज येतो, उंदीर वायर कुरतडतात. रोज फिरणाऱ्या गाडीत तेल सर्वत्र पोचते आणि बारीकसा दोष मोठा होण्याआधीच आवाजाने कळतो. मात्र घर ते चौक एवढेच फिरवू नये. इंजिन पुरते तापले नाही तर आत जमलेली वाफ तेलातच राहते. वीस-तीस किलोमीटरची सलग फेरी तिला मानवते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग कडू आहे. ही गाडी आजच्या अर्थाने सुरक्षित नाही. तिला हवेच्या पिशव्या नाहीत. समोरून धडक बसली तर स्टिअरिंगचा दांडा चालवणाऱ्याच्या छातीकडे येतो. फियाटला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा गंजला असेल तर वरून कितीही चकचकीत रंग असो, ती आतून पोकळ आहे. मी पुढे पट्टे बसवून घेतले आहेत, रात्री महामार्गावर ती नेत नाही, आणि मुलांना घेऊन लांबचा प्रवास करायचा तर एस.टी.ने किंवा रेल्वेने जातो. ज्याच्या घरात लहान मुले आहेत आणि ज्याला एकच गाडी परवडते, त्याने जुनी मोटार ही आपली रोजची मोटार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शौकीन मंडळी ह्यावर रागावतात. रागावोत.

कायद्याचेही पाहावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन ती वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. केंद्राने ही फी २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० केली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज अशी वेगळी नोंदणी निघाली आहे. तिचा मान मोठा, पण ती घेतली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला न्यायची. रोजच्या कामाला न्यायची नाही. माझ्या गाडीला २०२८ साली पन्नास पूर्ण होतील. मी तो मान घेणार नाही. गाडीने कॉलेजात जायचे आहे.

राहिली दुरुस्ती. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवायची, किंगपिनला दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस द्यायचे, ही कामे शिकली की घरी होतात. मोठ्या कामाला मिस्त्री लागतो, आणि कानाने इंजिन ओळखणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या हाताखालची पोरे संगणक जोडून दोष वाचतात. ह्या गाडीला तो जोडायला जागाच नाही. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग मुबलक मिळत. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी निघाली, आणि आता भाग शोधावे लागतात. म्हणून ज्या गावात असा मिस्त्री आहे, तिथल्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांना दोन तास त्याच्या गॅरेजात नेऊन बसवावे. कार्ब्युरेटर उघडून दाखवला की हवेच्या दाबाचा धडा फळ्यावर पुन्हा काढावा लागत नाही.

वाड्यातली गाडी उठवायची असेल त्यांनी घाई करू नये. आधी जुने पेट्रोल काढून टाकी धुवावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे, आणि इंजिन हाताने फिरते का ते पाहावे; अडले तर जोर करू नये. तेल, पाणी, फॅनबेल्ट, सगळ्या रबरी नळ्या बदलाव्यात. चारी चाके काढून ब्रेक उघडावेत. टायरची नक्षी चांगली दिसली तरी जुने टायर काढून टाकावेत, कारण रबर वयाने मरते. बॅटरी ह्या सगळ्यानंतर जोडावी, आणि पहिले आठ दिवस गाडी गावाच्या शिवेबाहेर नेऊ नये.