पळा, पण हायवेच्या कडेने नको

पोलिस भरतीची तयारी सुरू आहे? मग तुम्ही पहाटे कुठे पळता, हे विचारायची गरजच नाही. शिरवळ काय, खंडाळा काय, पुणे-सातारा हायवेचा सर्व्हिस रोड म्हणजे आपल्याकडचं फुकटातलं ग्राउंड. सरळ डांबर, थोडाफार उजेड आणि १६०० मीटर मोजायला फोनमधलं ॲप. शेजारून कंटेनर गेला, धुराचा भपकारा आला, तर दोन पावलं श्वास रोखायचा, थुंकायचं आणि पुढे पळायचं. फार तर खोकला होईल, एवढाच आपला हिशोब.

या हिशोबात हृदय राहून जातं.

हवेच्या ॲपवर ‘पीएम २.५’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. रस्त्यावरची जाडी धूळ नाकात, घशात अडकते आणि थुंकीवाटे बाहेर पडते. हे बारीक कण मात्र फुफ्फुसाच्या अगदी टोकाला, वायुकोशांपर्यंत जातात. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो.

शरीर या कणांना घुसखोर समजतं आणि दाह सुरू होतो. दाहाची रसायनं रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या गुळगुळीत अस्तराला इजा करतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढवतात. फुफ्फुसातल्या मज्जातंतूंमार्फत हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. आणि सगळ्यात सूक्ष्म कण तर पडदा ओलांडून स्वतःच रक्तात शिरतात. थुंकून हे निघत नाही.

‘हे सगळं पन्नाशीनंतरचं, आम्हाला काय होतंय?’ असं म्हणत असाल तर अमेरिकेतल्या प्रोव्हो गावाची गोष्ट ऐका. डोंगरांच्या मधल्या दरीत वसलेलं हे विद्यापीठाचं गाव. हिवाळ्यात थंड हवा खाली साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खोऱ्यातच अडकतो. नीरेच्या खोऱ्यात डिसेंबरच्या सकाळी खंबाटकीचा डोंगर धुरकटलेला दिसतो, तेव्हा आपल्याकडेही असंच झाकण बसलेलं असू शकतं. तिथल्या आर्डेन पोप आणि सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या तीन हिवाळ्यांत ७२ निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या तरुणांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. सरासरी वय २३. हवा बिघडलेल्या दिवसांत त्यांच्या रक्तात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या मेलेल्या पेशींचे तुकडे वाढलेले दिसले. बाहेरून बघाल तर सगळी ठणठणीत पोरं.

त्याहूनही जुना एक धडा सैनिकांचा आहे. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय २२, आणि दर चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची सुरुवात सापडली. तो प्रदूषणाचा अभ्यास नव्हता, हे लक्षात घ्या. पण धमन्यांचं दुखणं कॉलेजच्या वयातच सुरू होऊ शकतं, हे त्यातून डॉक्टरांना पहिल्यांदा ठसठशीत दिसलं. प्रदूषण ते दुखणं पुढे ढकलतं. अमेरिकेतल्याच सहा शहरांत सुमारे ६,८०० लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. जिथे पीएम २.५ जास्त, तिथे धमन्यांमधला कॅल्शियमचा थर जास्त वेगाने वाढला. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांना तर तासाभराचा धूरही पुरतो. एडिनबराच्या निकोलस मिल्स यांच्या गटाने आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात बसवून मधूनमधून सायकल मारायला लावली. स्वच्छ हवेत तीच सायकल मारताना दिसला नव्हता एवढा ताण धुरात त्यांच्या ईसीजीवर दिसला. घरात अँजिओप्लास्टी झालेले आजोबा किंवा काका हायवेच्या कडेने ‘मॉर्निंग वॉक’ला जात असतील, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आता आपल्या गावाकडे वळू. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्यांना बोगदा मिळाला, पण पुण्याहून येणारे लोड ट्रक वर्षानुवर्षं खंबाटकी घाट चढत आलेत. चढाला, खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त इंधन जाळतं आणि जास्त धूर ओकतं. त्यात टायर-ब्रेकची झीज, शेतात पेटवलेलं उसाचं पाचट, कोपऱ्यावर पेटलेला कचरा. हॉस्टेलवाल्यांनी तर खोलीतच बघावं. दारं-खिडक्या लावून रात्रभर जाळलेली मच्छरची कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. सिगारेटला हात न लावणाऱ्या पोराची ही मिळकत!

मोजमापाचं काय? जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते की घनमीटर हवेत पीएम २.५ वर्षाला सरासरी ५ आणि दिवसाला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्या देशाची मर्यादा वर्षाला ४० आणि दिवसाला ६० आहे. म्हणजे ‘मर्यादेत आहे’ हे वाक्य ऐकलं की ‘कोणाच्या?’ हा प्रश्न विचारायचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला. त्याच्या यादीत सांगली आहे, कोल्हापूर आहे, पुणे आहे. हा सगळा कार्यक्रमच शहरांचा. हायवे आणि एमआयडीसी दोन्ही अंगावर घेतलेली शिरवळसारखी गावं त्यात मोजली जात नाहीत, आणि मला ही मोठीच त्रुटी वाटते. म्हणून ॲपवर हिरवा रंग दिसला तरी तो आकडा कुठल्या केंद्राचा आहे ते बघा. पुण्यातल्या केंद्राला आपला घाट माहीत नसतो.

याचा अर्थ पळणं सोडा असा अजिबात नाही. बसून राहणं हृदयाला त्याहून वाईट. पण निवांत बसल्यावर मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत जाते, आणि जोरात पळताना साठ लिटरच्याही वर. तेव्हा कुठली हवा ओढता, याला किंमत आहे. डिझेलची काजळी रस्त्याला लागून सगळ्यात दाट असते. दोन-तीनशे मीटर आत गेलं की ती बरीच खाली येते. कॅनॉलचा रस्ता, शाळेचं पटांगण, शेताची वाट, काहीही चालेल. थंडीत पहाटेपेक्षा संध्याकाळी चार-साडेचारला हवा बहुतेक वेळा बरी असते. जमत असेल तर एखादं सेशन तेव्हा ठेवा. गाडीवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ उन्हाला, धुळीला आणि ओळखीच्या काकूंना अडवतो, पीएम २.५ ला नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ च लागतो. आणि पळताना छातीत दाब आला, दुखणं हाताकडे-जबड्याकडे गेलं, तर ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा पिऊ नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा.

एक काम मात्र तुम्हीच करू शकता. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन दिवाळीचे फटाके मोजले. सगळ्यात वाईट निघाली ती आवाजही न करणारी, लहान मुलांच्या हातात दिली जाणारी नागगोळी: घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत. मोजलं नसतं तर कोणाला पटलं असतं? पीएम २.५ मोजणारं छोटं यंत्र आज काही हजारांत मिळतं. वर्गणी काढा, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बसवा. एक महिना, रोज त्याच वेळी, तीन ठिकाणी आकडे घ्या: सर्व्हिस रोड, गावातला चौक आणि नीरेचा काठ. कंपनीचं यंत्र आणि तुमचं यंत्र यांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण तीन जागांमधला फरक तर दिसेल. तो कागद ग्रामसभेत ठेवा आणि भरतीच्या पोरांसाठी हायवेपासून लांब एक पळायची जागा मागा.