माळढोकाच्या मुलखात मोटारीने : नांदेड-लातूर ते जैसलमेर प्रवासाचे नियोजन

लातूरकरांना पाण्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ या शहरावर आली होती. अशा मुलखातील माणसाने सुटीत पुन्हा कोरड्याच प्रदेशाची वाट का धरावी, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यात वावगे काही नाही. परंतु जैसलमेरचा बेत आखणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. किल्ला, उंटावरची फेरी आणि तंबूतील एक रात्र एवढ्यावर त्यांचा प्रवास आटोपतो. त्याच वाटेवर वेळावदर, कच्छचे छोटे रण आणि जैसलमेरचे डेझर्ट नॅशनल पार्क अशी तीन संरक्षित क्षेत्रे येतात. थोडे आधी गणित मांडले, तर ती एकाच प्रवासात पाहता येतात.

या तिन्ही ठिकाणांचे आपल्याशी एक जुने नाते आहे. सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर १९७० च्या दशकात माळढोक पक्ष्याची नोंद झाली आणि १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाचा नगर जिल्हा मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते, गावे, बाजारपेठा असे सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक चिडले आणि अखेर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळ नांगरला गेला होता. अलीकडे नान्नजला एखादाच माळढोक दिसल्याच्या नोंदी होतात. देशात हा पक्षी आता दीडशेच्या आसपास उरला असून त्यातील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. आपल्या माळावरून जे गेले ते पाहायला दीड हजार किलोमीटर जावे लागते, हे कटू असले तरी खरे आहे.

नांदेड किंवा लातूरहून छत्रपती संभाजीनगर सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर पडते. तेथून कन्नडचा घाट उतरून धुळे, पुढे नवापूरमार्गे सुरत. पहिला मुक्काम धुळ्यात आणि दुसरा सुरतेत केला, तर चालकाची दमछाक होत नाही. सुरतेजवळच्या हजिरा बंदरातून भावनगरजवळच्या घोघा बंदरापर्यंत मोटारींसह प्रवासी वाहून नेणारी रो-पॅक्स बोटसेवा २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. खंभातच्या आखाताला वळसा घालताना रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या घरात अंतर पडते, तेच समुद्रातून सुमारे नव्वद किलोमीटर आहे. मात्र बोटीच्या वेळा हवामानाप्रमाणे बदलतात. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि रस्त्याचा पर्याय हाताशी ठेवावा. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. दहा दिवसांपेक्षा कमी वेळ हाती असेल, तर हा बेत न केलेला बरा. आठ दिवसांत सारे कोंबणारे प्रवासी रात्री गाडी हाकतात. गुजरात-राजस्थानच्या रस्त्यांवर अंधारात नीलगायी, मोकाट गुरे आणि उंट अचानक समोर येतात.

वेळावदर आणि छोटे रण

भावनगर जिल्ह्यातील वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान अवघ्या ३४ चौरस किलोमीटरचे आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान मूळचे भावनगर संस्थानाचे गवताळ कुरण. काळविटांचे कळप तेथे सहज दिसतात. पण जाणकार तेथे संध्याकाळसाठी थांबतात. मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. जगात फार थोड्या ठिकाणी ते एवढ्या संख्येने एकत्र येतात. त्यामुळे येथे दुपारी पोहोचून सकाळी निघणे श्रेयस्कर.

वेळावदर काय, छोटे रण काय, दोन्ही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतात. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली तर उद्याने नुकतीच उघडलेली असतात, रणाचा काही भाग ओला असतो आणि गाड्या आत जाऊ शकत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा या प्रवासाचा खरा हंगाम.

छोट्या रणाचे गणित समजून घेतल्याशिवाय तेथे जाऊ नये. पावसाळ्यात नद्यांचे पाणी आणि कच्छच्या आखातातील खारे पाणी या सपाटीवर पसरते. जे उंचवटे कोरडे राहतात त्यांना तेथे 'बेट' म्हणतात आणि त्यांवर गवत उगवते. पावसाळ्यानंतर पाणी आटते, वर भेगाळलेला कडक पापुद्रा तयार होतो. वरून ही जमीन विमानतळाच्या धावपट्टीसारखी भासते. परंतु पापुद्र्याखाली बऱ्याच ठिकाणी चिखलच असतो. आपली मोटार घेऊन आत शिरणारा मनुष्य मग संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरची वाट पाहत बसतो. बजाणा, झैनाबाद, ध्रांगध्रा या बाजूंनी स्थानिक जीप आणि वाटाड्या घेऊनच आत जावे. या खर्चात काटकसर करण्यात अर्थ नाही.

सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात रानगाढवे राहतात. स्थानिक लोक त्यांना घुडखर म्हणतात. १९६० च्या दशकात रोगांच्या साथींनी ती इतकी घटली, की दशकाअखेर पावणेचारशेच्या आत आली. २०२४ च्या गणनेत त्यांची संख्या ७,६७२ भरली. वाळवंटी प्राण्याबाबत चांगली बातमी क्वचितच ऐकू येते, म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जाताना वाटेत अगरियांची मिठागरे दिसतील. जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हाळ्यापर्यंत ही कुटुंबे रणातच राहतात आणि त्यांचे पिण्याचे पाणीही बाहेरून येते. लातूरच्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही.

जैसलमेरचे उद्यान

रणापासून राधनपूर, सांचोर, बाडमेर या मार्गाने जैसलमेर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. हा टप्पा एका दिवसात होतो, पण बाडमेरला मुक्काम केला तर बरे. १९८० च्या सुमारास स्थापन झालेले डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचे असून जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले तरी आत गावे आहेत, शेते आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. वाळूच्या टेकड्या जेमतेम एक पंचमांश क्षेत्रात. उरलेला भाग खडकाळ आणि सेवण गवताच्या माळांचा. पर्यटकांची गर्दी सम येथील टेकड्यांवर होते, माळढोक मात्र गवताच्या माळावर असतो. सुदासरीच्या कुंपण घातलेल्या क्षेत्रात तो दिसण्याची शक्यता अधिक. वनखात्याची परवानगी जैसलमेरहून आधीच काढावी. सीमा जवळ असल्याने प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवे.

पक्षी दिसेलच याची हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. चिंकारा, कोल्हे आणि नाना प्रकारची गिधाडे बहुधा दिसतात. माळढोकासाठी पहाटे जावे लागते. डिसेंबरअखेर जैसलमेरला सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि तोवर थंडी अशी असते, की मराठवाड्यातील स्वेटर पुरत नाही. दुपारी पुन्हा ऊन चटका देते.

जाताना आकाशाकडेही पाहावे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे फारसे दिसत नाही आणि नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जात असल्याने ऐनवेळी वळताही येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याबाबत आदेश दिला. सौर व पवनऊर्जेच्या प्रकल्पांची अडचण पुढे आल्यावर २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत पिलांची पैदास सुरू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम गर्भधारणेतून पहिले पिलू जन्मले. ही केंद्रे पर्यटनस्थळे नाहीत, तेथे जाण्याचा आग्रह धरू नये.

गाडीविषयी थोडेसे. निघण्यापूर्वी कूलंट, फॅनबेल्ट, बॅटरी आणि स्टेपनीतील हवा तपासून घ्यावी. वाळूत जॅक रुततो, म्हणून खाली ठेवायला लाकडी फळी सोबत असावी. बाडमेर आणि जैसलमेर येथे टाकी पूर्ण भरावी. माणशी रोजचे चार लिटर पाणी गाडीत असावे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि सीमेवर तपासणी होते, हे काहींच्या सहलीला आडवे आले आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जैसलमेरचा मरु महोत्सव भरतो. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर भलतेच चढलेले असतात.

परतीला जैसलमेर, बाडमेर, अहमदाबाद, सुरत, धुळे हा मार्ग घ्यावा. ज्यांना दोनच दिवस काढता येतात, त्यांच्यासाठी लातूर, तुळजापूर, सोलापूरमार्गे नान्नज आणि पुढे कर्जत तालुक्यातील रेहेकुरी आहे. १९८० मध्ये स्थापन झालेले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरहूनही लहान आहे. तेथे काळवीट दिसतात. नान्नजला माळढोक दिसला, तर वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना ती नोंद अवश्य द्यावी.