भाकरीतील सूर्य

भर दुपारी नांगर थांबवून शेतकरी बांधावरील झाडाखाली भाकरी खावयास बसतो. घटकाभराने त्याच्या थकलेल्या बाहूंत पुन्हा बळ येते. हे बळ येते कोठून?

सूर्याचा प्रकाश सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. ज्वारीचे हिरवे पान त्या प्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून अन्न तयार करते. प्रकाशाची ऊर्जा अशा रीतीने दाण्यात साठून राहते. खाल्लेले अन्न पचले, की शरीरात त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन ती मोकळी होते. तिचा काही भाग स्नायूंना चालना देतो. पुष्कळसा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्याच ज्वारीचा कडबा खाऊन बैल नांगर ओढतात. ऊर्जा नष्ट होत नाही. ती केवळ रूप पालटते.

१ ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. परंतु नुसत्या ऊर्जेवर शरीराचे भागत नाही. शरीराच्या बांधणीसाठी प्रथिने, हाडांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोह हवे. म्हणूनच केवळ भाकरीने पोट भरणारे मूलही अशक्त राहते. जोडीला डाळ, दूध व पालेभाजी मिळाली, तरच ते अंगाने भरते.

ताटात टाकलेल्या तुकड्याबरोबर कित्येक दिवसांचे ऊन आणि शेतकऱ्याचा घाम वाया जातो. तोच तुकडा एखाद्या भुकेल्या मुलाचे बळ झाला असता.